दोन पिंजरे

सशांचा फार्म चालवणाऱ्या सुनेला प्रयोगांची भारी हौस. एकाच वेताची पिल्लं तिनं दोन पिंजऱ्यांत ठेवली. खाद्य एकच, डावीकडच्यांना भुकटी, उजवीकडच्यांना तीच भुकटी दाबून केलेल्या कडक गोळ्या. महिन्याभरात उजवीकडचे गुबगुबीत झाले. डावीकडचे मात्र नाकात भुकटी जाऊन शिंकत, रोडावून बसले.

"बघा ना बाबा," ती सासऱ्यांचं ताट वाढता वाढता सांगत होती, "जिन्नस सगळे तेच! पण पुढ्यात पीठ आलं की खायचं मनच होत नाही बिचाऱ्यांना. दातांना काम हवं हो. कुरुमकुरुम वाजलं की कसे तुटून पडतात!"

सासऱ्यांची नवी कवळी कधीच छान बसली होती. पण त्यांना त्रास नको, म्हणून ती अजूनही सगळं जेवण मिक्सरमधून फिरवून द्यायची. हल्ली बाबा चार चमच्यांत का उठतात, हे कोडं तिला काही केल्या सुटत नव्हतं.

आजही तिनं वाडगा पुढे सरकवला. सासऱ्यांनी त्या लगद्यात चमचा रोवला. तो तसाच उभा राहिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्यापासून मला उजवीकडच्या पिंजऱ्यात ठेव."