वजनाचा रकाना

बारा लाख ओळींची फाइल वाचताना संगणकातलं माहिती चाळणारं क्वेरी इंजिन पुन्हा त्याच ओळीवर थांबलं. वजनाच्या रकान्यात आकडा नाही, एवढीच त्याची तक्रार. धाराशिवच्या कार्यालयात जिल्ह्यातल्या बालकांची महिन्या-महिन्याची वजनं एकत्र करणाऱ्या शिवलीलानं ती ओळ उघडली. अक्षदा, वय दोन, गाव ईट. वजनाच्या जागी लिहिलं होतं, ‘आता करायचं न्हाय’. तिनं चिडून तिथल्या अंगणवाडीच्या सखूबाईंना फोन लावला. “ताई, आकडा नसेल तर शून्य टाका, असं मीच सगळ्यांना कळवलं होतं. एका ओळीपायी सगळी फाइल अडते.” “टाकलं व्हतं की मॅडम, मागच्या महिन्यात, लेकरू वारलं तवा. गेलेल्या लेकराचा रकाना न्हाय तुमच्यात.” सखूबाई पुढं सांगू लागल्या. “शून्य बघून वरनं जादा आहाराची पाकिटं आली तिच्या नावावर. सही पायजे म्हणून तिच्या आईकडं न्यावी लागली. तिनं पाकीट हातात घेतलं अन् म्हणली, ‘कुणाला भरवू?’ तवापासनं शून्य टाकायला हात धजंना माझा.” चुकीची ओळ गाळून पुढं जायची सोय इंजिनात होती. शिवलीलानं ती वापरली नाही. वजनाचा रकाना आकड्यांचा नसून शब्दांचा आहे, असं तिनं इंजिनाला सांगितलं; शब्दांची बेरीज होत नाही, हे ठाऊक असूनही. अक्षदासकट फाइल एका दमात वाचून झाली. दुपारी साहेबांनी जिल्ह्याचं सरासरी वजन विचारलं. “निघत नाही, सर,” ती म्हणाली.