हिरव्या अक्षरांचा डबा

वडशातल्या गफ्फारचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात तो जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याची वाट पाहत पडला होता. निशातला मात्र तो शाळेच्या प्रदर्शनात मांडायचाच होता.

“चाचा, सुरू झाला तर माझा!”

“अगं, याच्या पोटात हार्ड डिस्कच नाई. फ्लॉपी टाकल्याबिगर त्याले सोताचं नाव आठवत नाई, अन् फ्लॉपी आणतं कुठून?” चाचा हसत उठले, तशी त्यांची वेताची खुर्ची करकरली. ते समोरच्या टपरीवर चहाला गेले.

निशातनं बटण दाबलंच. रिकामा फ्लॉपी ड्राइव्ह खरखरला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच हिरवा शब्द उमटला: ‘बस.’

बस? म्हणजे पुरे, थांब? घरचे कमी होते, तर आता हा डबाबी मले थांबवून राह्यला!

तिनं उभ्या उभ्याच ठणकावून टाइप केलं: ‘नाई.’

पुन्हा खरखर. ‘बस.’

‘नाई म्हणजे नाई! मी नाई ऐकत!’

खरखर थांबली. एकेक अक्षर सावकाश उमटलं: ‘तुले नाई.’

समोरच्या टपरीवर चाचा चहात टोस्ट बुडवत होते.

आणि तिच्या पाठीमागं वेताची खुर्ची करकरली.