कोरडी रेघ

वडील असेपर्यंत जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग बॉक्सची गळती काही थांबली नाही. रोज सकाळी ते बॉक्सखालून बोट फिरवायचे, चरफडत मडगार्डला पुसायचे, आणि विश्वास बसत नसल्यासारखं पुन्हा एकदा तेच करायचे.

ते गेल्यावर लेक इरेला पेटली. तिनं बॉक्स उतरवला, झिजलेला शाफ्ट बदलला, नवं सील बसवलं, तेल भरलं आणि खाली पुठ्ठा अंथरला.

सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत!

“आई, जिंकले गं!”

आई धावत आली आणि मडगार्डपाशी थबकली. धुळीत बोटाची ताजी रेघ होती, तेलाचा टिपूसही नसलेली.

“तूच ओढलीस ना?”

“मी अजून हात कुठे लावलाय?”

दोघींच्या देखत त्या रेघेशेजारी सावकाश दुसरी रेघ उमटत गेली. तीही कोरडीच.