सत्तर टक्के

धाकट्या भावाच्या पत्राला मी दीड महिना उत्तर दिलं नाही. तो डॉक्टर, मी निवृत्त ग्रंथपाल. त्याचंच बरोबर असणार, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

‘दादा, पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तुला झेपणार नाही. तुझी माहिती आमच्या तक्त्यात भरून पाहिली. ऑपरेशननंतर गंभीर गुंतागुंत होण्याची शक्यता सत्तर टक्के. जन्मभर जे केलंस, ते आता भोग.’

सोबत तो भरलेला तक्ताही होता. वाचायचा धीर झाला नाही. काल तसाच सर्जनबाईंच्या हातात दिला.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आजोबा, चाळीस वर्षं सिगारेट ओढताय?”

“एकदाही नाही,” मी पुटपुटलो.

“मग हे लिहिलं कुणी?” त्यांनी तो रकाना खोडला, सगळं पुन्हा मोजलं. धोका बराच खाली आला. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

आज भावाला उत्तर टाकलं.



‘शाळेत असताना माझ्या दप्तरात सापडलेलं सिगारेटचं पाकीट तुझं होतं. ‘ते दादाचं आहे’ ही तू बाबांना मारलेली थाप इतकी वर्षं तूच खरी मानून बसलास. सोमवारी येऊ नकोस.’