खरी माळ

नाटक सुरू झालं आणि माझ्या बाबांची भूमिका करणारा नट रंगमंचावर आला. गळ्यात बाबांचीच तुळशीची माळ. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने नकळत हात जोडले. खाडीत होडी उलटून बाबा गेले, त्याच घटनेवरचं हे नाटक. "सगळं खरं दिसलं पाहिजे," म्हणत दिग्दर्शकाने ती माळ आमच्या देव्हाऱ्यातून मागून नेली होती.

दुसऱ्या अंकात नटाने बाटली तोंडाला लावली आणि झिंगतच होडीचं सुकाणू धरलं. आईचे जोडलेले हात सुटले.

प्रयोग संपल्यावर मी दिग्दर्शकाला रंगपटात गाठलं. "माळकरी माणूस दारूला शिवतो का हो?"

"ताई, नुसत्या वाऱ्याने होडी उलटली हे प्रेक्षकांना पटत नाही. नाटकात कुणाची तरी चूक लागते."

मी भांडणारच होते. आईने माझा हात दाबला आणि ती त्या नटासमोर जाऊन उभी राहिली. तो ओशाळून उठला.

"हवी तेवढी पी, लेकरा," ती शांतपणे म्हणाली. "पण आमच्या माणसाची माळ आधी काढून दे."