कुरणातला खड्डा

“लिहून टाका, कासवं उपद्रवी आहेत,” कुरणाचा मालक म्हणाला. “एकूण एक मारायची परवानगी हवी मला.”

वन्यजीव खात्याच्या बाईंनी अर्ज उघडला, पण लिहिलं काहीच नाही. वीस वर्षं त्या बिळं खणून राहणाऱ्या रानकासवांचा अभ्यास करत होत्या.

“आधी खड्डा बघते.”

“बघायचं काय त्यात? घोड्याचा पाय अडकला, पोरगं डोक्यावर आपटलं. चोवीस वर्षांचं होतं...”

“मुक्या जिवांवर कशाला राग काढता?” बायको दारातून म्हणाली. “आपल्या आधीपासून राहतात ती इथे. आपला पोरगा तर गाडी थांबवून त्यांना रस्ता पार करून द्यायचा.”

“तू आत जा!” तो खेकसला आणि बूट चढवायला बाहेर गेला.

ती बाईंजवळ आली. “महिना झाला, मला कुरणाकडे फिरकू देत नाहीत. गुरांचं सगळं एकटेच बघतात. दुःखानं डोकं फिरलंय हो त्यांचं. तुम्ही तरी खरं ते लिहा.”

कुरणात बाईंना कासवांची तीन बिळं दिसली. खाली सपाट, वर कमानदार तोंड, आणि आत तिरकी उतरण. एका बिळाच्या तोंडाशी म्हातारं कासव गवत चघळत बसलं होतं.

ज्यात घोडा अडकला तो खड्डा वेगळाच होता. बाईंनी गुडघे टेकून हात घातला. हात कोपरापर्यंत सरळ खाली गेला. तळाशी कुजक्या लाकडाची ढलपी लागली. दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर बुजवलेल्या खड्ड्यांची ओळ होती. नवं कुंपण वीस पावलं मागे होतं.

“हे बीळ नाही,” त्या म्हणाल्या. “जुन्या कुंपणाच्या खांबाचा खड्डा आहे. एवढा एक बुजवायचा राहिला.”

तो भडकेल असं त्यांना वाटलं होतं. पण तो खड्ड्याच्या कडेला बसला.

“पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“आणि तरी कासवांच्या जिवावर उठलात?” बाईंचा आवाज चढला. “स्वतःची चूक त्यांच्या माथी मारताय?”

त्यानं घराकडे पाहिलं. अंगणात बायको कपडे वाळत घालत होती. लांबून ती अगदी लहान दिसत होती.

“कुंपण हलवलं तेव्हा मी इथे नव्हतोच, बाई,” तो म्हणाला. “खांब तिनं उपटले.”