गाडीपुढचा नारळ

"दसऱ्याची पहिली फेरी नातीला घेऊनच मारणार," असं केतकीच्या सासऱ्यांनी, आबांनी, महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं. त्यांची दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार झेंडूची माळ घालून अंगणात उभी होती आणि दीड वर्षांची इरा आत बसून हॉर्न शोधत होती.

चाकाखाली लिंबू ठेवायला केतकी वाकली आणि तिथंच थबकली. सकाळी तिनंच धुतलेल्या फरशीवर तपकिरी भुगा पडला होता. वर, चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मवर, आबांनी काल मारलेला काळा रंग चकचकत होता.

"आबा, हा आर्म बदला म्हणून मिस्त्री सांगत होते ना?"

"ओरिजिनल हाय तो! रंग मारला, गंज मेला. कॉलेजात काय गाड्या शिकलीस व्हय?" आबा हसले. "चल, फोड नारळ."

इरा टाळ्या वाजवत होती. सासऱ्यांना तोंडावर नाही म्हणणं केतकीला कधी जमलं नव्हतं. तिनं नारळ उचलला आणि दगडावर न आपटता, चाकामागे हात घालून त्या आर्मवरच हाणला.

नारळ तसाच राहिला. आर्मला मात्र भोक पडलं आणि आतला गंज तिच्या नव्या साडीवर भसाभसा सांडला.

आबा खाली बसले. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग उठून इराला गाडीतून काढून कडेवर घेतलं.

"नारळ देवापुढं ठेव, सूनबाई. नवा आर्म बसला की फोडू."

इराच्या पावलावरून त्यांचा हात मात्र निघेना.